चमचा कोण धरणार?

जुलै-ऑगस्ट हे आपल्याकडचे हगवणीचे महिने. या दिवसांत एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले लहान मुलांचे केसपेपर चाळले, तर त्यांचा साचा चटकन ध्यानात येतो. वर तक्रार: पातळ संडास, दिवसातून सात-आठ वेळा, दोन दिवसांपासून; उलट्या; किरकोळ ताप. खाली औषधे: मेट्रोनिडाझोलचे सिरप, जोडीला एखादे अँटिबायोटिक, उलटीचे औषध, तापाचे औषध. आणि अगदी तळाशी, सही करता करता आठवल्यासारखे, ओआरएस. झिंक असलेच तर कुठेतरी मध्ये. नाक्यावरच्या खाजगी दवाखान्यात ही यादी आणखी लांबते. तिथे सुई असते, प्रोबायोटिकची पुडी असते, आणि मूल जरा मलूल दिसले की सलाईन.

या यादीत मुलाचा जीव वाचवणारी गोष्ट एकच आहे, आणि ती तळाशी आहे. झिंक तिच्या मदतीला. बाकीची बरीचशी यादी नसती तरी चालले असते. पाच वर्षांखालच्या मुलांचे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि चार-सहा दिवसांत आपोआप ओसरतात. अँटिबायोटिक लागते ते शौचातून रक्त पडत असेल तर, किंवा कॉलऱ्याची शंका असेल तर. मेट्रोनिडाझोल ज्या जंतूंवर चालते, ते तान्ह्या मुलांच्या साध्या जुलाबांत क्वचितच सापडतात. हे सारे प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला पाठ असते. परीक्षेत विचारले तर तो ओआरएस सर्वांत वर लिहील. मग केसपेपरवर ते खाली का जाते? या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या गोदामात शोधायची आपल्याला सवय लागली आहे. आमच्या मते ते तिथे नाही. ते जवळपास दोनशे वर्षांच्या एका जुन्या खोडीत आहे.

१८३१ साली कॉलरा इंग्लंडात पोचला. त्या वेळचे उपचार म्हणजे रोग्याचे रक्त काढायचे, कॅलोमेल नावाचे पाऱ्याचे औषध द्यायचे आणि अफूचा अर्क पाजायचा. ज्याच्या अंगातले पाणी आधीच निघून गेले आहे, त्याचे उरलेसुरले रक्तही काढून घेणारे हे वैद्यक होते. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा बावीस वर्षांचा आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला, कॉलऱ्याच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि सांगितले, की यातले पाणी आणि क्षार कमी झाले आहेत, ते परत घातले पाहिजेत. काही महिन्यांत, १८३२च्या मे महिन्यात, स्कॉटलंडच्या लीथ बंदरात डॉ. थॉमस लाटा यांनी ते करून पाहिले. त्यांची पहिली रोगी एक वृद्ध बाई होती. डोळे खोल गेलेले, नाडी लागत नव्हती. लाटांनी शिरेतून मिठाचे पाणी सोडले. अर्ध्या तासात बाईंच्या चेहऱ्यावर कळा आली, आवाज परतला. लाटांना वाटले, धोका टळला. बाईंना रुग्णालयातल्या सहकाऱ्याच्या हवाली करून ते गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कोणी दिले नाही आणि काही तासांत बाई गेल्या.

वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग शिरेतून द्रव देण्याचा आरंभ म्हणून सांगितला जातो. आम्हाला त्यातली दुसरी बाजू अधिक बोलकी वाटते. उपाय बरोबर होता, प्रमाणही फारसे चुकले नव्हते. उणीव होती ती जाईल तितके पाणी भरत राहायला कोणी शेजारी बसण्याची. पुढे लाटाही दुसऱ्याच वर्षी वारले. ओशॉनेसी कलकत्त्याला आले, मेडिकल कॉलेजात प्राध्यापक झाले आणि हिंदुस्थानात तारयंत्र आणणारे म्हणून नावाजले. त्यांचे कॉलऱ्यावरचे काम बासनात गेले. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून मिठाचे पाणी देण्याची पद्धत नीट बसवली आणि कॉलऱ्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले, तोवर पाऊण शतक उलटले होते.

त्या पाऊण शतकात आणि नंतरही खरी सत्ता होती अफूची. जुलाब दिसायचे बंद करायचे, तर अफूसारखे औषध नाही. आतड्याची हालचाल मंदावते, शौचाला लागत नाही, दुखणे जाणवत नाही, रोगी झोपतो. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करातले डॉक्टर जॉन कॉलिस ब्राउन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॉलऱ्यासाठी ‘क्लोरोडाइन’ बनवले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. ते पुढे घरोघरच्या कपाटात गेले. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्याला ‘बाळागोळी’ चाटवून जात, तीही अफूचीच. १९२०च्या दशकातल्या सरकारी पाहण्यांत तिच्या नोंदी आहेत. ती गोळी हगवणीसाठी नसे, मूल दिवसभर गप्प राहावे म्हणून असे. पण हगवणीच्या मुलालाही तीच मिळे, आणि गप्प झालेले मूल बरे झालेले समजले जाई.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना यातला धोका ठाऊक नव्हता असे नाही. अतिसार आमावस्थेत असताना सुरुवातीलाच स्तंभन, म्हणजे जुलाब दाबणे, करू नये, हे चरकसंहितेचे सांगणे आहे. आधी पचन, लंघन, मग पेज. लंघनाचा भाग मुलांच्या बाबतीत चुकीचा ठरला. मूल उपाशी ठेवण्याची चूक मात्र एकट्या आयुर्वेदाची नाही, ‘आतड्याला विश्रांती’ म्हणून ती पाश्चात्त्य बालरोगतज्ज्ञांनीही विसाव्या शतकात बराच काळ केली. दाबू नका, हा इशारा मात्र खरा होता.

तो धुडकावून अफूचे वंशज प्रयोगशाळेतून बाहेर पडत राहिले. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत १९५६ साली डायफेनॉक्सिलेट तयार झाले आणि १९६९ साली लोपेरामाइड. मोठ्या माणसाला प्रवासात लागलेल्या जुलाबांवर लोपेरामाइड उपयोगी पडते, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचे थेंब तान्ह्या मुलांसाठी बाटलीत भरून विकले गेले. गटाराचे तोंड बुजवले म्हणून पाणी आटत नाही, ते घरात तुंबते, आतड्याचेही तसेच. हालचाल थांबली की शौच दिसत नाही, पण पाणी आतड्याच्या पोकळीत साचतच राहते, पोट फुगते, अंग सुकतच जाते. १९८९-९०मध्ये पाकिस्तानात अशा तान्ह्यांचे आतडे लुळे पडल्याच्या आणि काही दगावल्याच्या नोंदी झाल्या, गाजावाजा झाला, तेव्हा कंपनीने थेंब मागे घेतले. भारतात मुलांसाठीच्या जुलाबाच्या औषधांत डायफेनॉक्सिलेट, लोपेरामाइड, ॲट्रोपीन घालण्यावर बंदी आली ती १९९०च्या दशकात. मेळघाटात मुलाचे पोट फुगले की तापल्या सळईचे चटके देणाऱ्या भूमकावर, म्हणजे तिथल्या गावठी वैद्यावर, आपली वर्तमानपत्रे तुटून पडतात, आणि ते योग्यच आहे. थेंबांच्या बाटलीने पोट फुगवणाऱ्यांच्या वाट्याला तेवढी शाई आली नाही.

क्लिओक्विनॉलची कथा आणखी मोठी. ‘एन्टेरो-व्हायोफॉर्म’ या नावाने सिबा-गायगी कंपनीने ते जगभर विकले. आपल्याकडेही पोट बिघडले की ते घरात असे. जपानमध्ये दहा हजारांहून अधिक माणसांच्या पायांतली शक्ती गेली, अनेकांची दृष्टी गेली. १९७०मध्ये जपानने त्यावर बंदी घातली. कंपनीने जगभरची विक्री थांबवली ती १९८५मध्ये. मधली पंधरा वर्षे ते इतर देशांत विकले जातच होते. १९९०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या अतिसारात वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एकेक करून हिशेब मांडणारे पुस्तक काढले. निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, क्लिओक्विनॉल, काओलिन, पेक्टिन, कोळसा, लोपेरामाइड, डायफेनॉक्सिलेट: मुलांच्या साध्या तीव्र अतिसारात यातल्या एकालाही स्थान नाही, हा त्याचा निष्कर्ष.

आणि याच काळात, याच उपखंडात, खरा उपाय सापडला होता. १९५३मध्ये कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कॉलऱ्याच्या १८६ रोग्यांना मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देऊन बरे केले. सोबत ओव्याच्या पानांचा रसही होता. ‘द लॅन्सेट’ने लेख छापला आणि जग तो विसरले. तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नव्हता, हे कारण देता येते. लेखक कलकत्त्याचा होता, हे कारण कोणी देत नाही. १९६०मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी दाखवले, की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांचा हात धरून शिरतात आणि पाणी त्यांच्यामागून जाते. कॉलऱ्यातही हे दार उघडे राहते. १९६८मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी त्यावर उपचार उभा केला. त्यांची किल्ली साधी होती: जितके गेले, तितके मोजून परत द्यायचे, आणि ते तासागणिक.

मग १९७१. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते, बनगावच्या छावण्यांत कॉलरा पेटला होता. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा दवाखान्याच्या खोल्यांतली जमीन रोग्यांच्या उलट्या-जुलाबांनी माखली होती आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी एका लिटरला बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण ठरवले. कलकत्त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ते भरून गरम इस्त्रीने तोंडे बंद केली. बनगावात ते पिंपांत विरघळवून नळ बसवला आणि पेला रोग्याच्या नातलगांच्या हाती दिला. आई, भाऊ, शेजारी, जो असेल तो पाजत राहिला. छावण्यांत जिथे शंभरातली तीस माणसे दगावत होती, तिथे त्यांच्या देखरेखीखालचे मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. रोगी तीन हजारांहून अधिक होते. १९७८मध्ये ‘द लॅन्सेट’ने संपादकीयात लिहिले, की ही कदाचित शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरावी. महालनबीस २०२२मध्ये गेले. पद्मविभूषण मिळाले ते पुढच्या वर्षी, मरणोत्तर.

बनगावातून जगाने उचलली ती पिशवी. ते समजण्यासारखे आहे. पिशवी मोजता येते, छापता येते, निविदा काढून विकत घेता येते. पण बनगावात पिशवीइतकाच महत्त्वाचा होता पेला धरणारा नातलग. रोग्याशेजारी बसायला माणूस आहे, त्याला काय करायचे ते दाखवले आहे, आणि त्याच्यावर कोणाचे तरी लक्ष आहे, ही त्या उपचाराची दुसरी अर्धी बाजू. ती पाकिटात मावत नव्हती, म्हणून मागे राहिली.

ती ज्यांनी सोबत घेतली त्यांचे उदाहरणही जवळचेच आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत गेल्या. पाकीट नाही, सरकारी गोळी नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. आईने ते समोर बनवून दाखवायचे. काही दिवसांनी दुसरीच माणसे येऊन तिला किती आठवते ते विचारत, आणि कार्यकर्तीचा मोबदला त्या आठवणीवर ठरे. तरीही सुरुवातीला असे दिसले, की आयांना कृती पाठ आहे, पण मूल आजारी पडल्यावर फार थोड्या ती करतात. शोध घेतल्यावर कळले, की सांगणाऱ्या कार्यकर्त्यांचाच तिच्यावर पुरता विश्वास नव्हता. आपल्या घरी त्या दुसरीच औषधे वापरत होत्या. मग त्यांना हे पाणी शरीरात काय करते ते नीट समजावून, दाखवून दिले गेले, पुरुषांनाही बैठकांत घेतले गेले, आणि वापर वाढला. उपचारावरचा विश्वास आधी सांगणाऱ्याच्या मनात रुजावा लागतो, हे त्यांनी पैसे आणि वर्षे खर्चून शिकून घेतले.

आपण काय केले? १९८५-८६च्या सुमारास राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो एकातून दुसऱ्या मोठ्या योजनेत विरघळत गेला. पाकिटे गेली, भिंती रंगल्या, ‘जलसंजीवनी’ हे छान नाव मिळाले. २००४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी झिंकची जोड सांगितली; तिच्यामागे दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या महाराजकिशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन होते. २०१४पासून दर पावसाळ्यात अतिसार नियंत्रण पंधरवडा होतो, आता तो दोन महिन्यांचा झाला आहे. रोटाव्हायरसची लस २०१६पासून टप्प्याटप्प्याने लसीकरणात आली. याचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८०च्या सुमारास जगात वर्षाला सेहेचाळीस लाखांच्या आसपास मुले अतिसाराने जात होती. आज हा आकडा साडेचार लाखांच्या घरात आहे. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली मुले २००५-०६मध्ये २६ टक्के होती, २०१५-१६मध्ये ५०.६ आणि २०१९-२१मध्ये ६०.६. झिंक याच शेवटच्या दोन पाहण्यांत २०.३ वरून ३०.५.

म्हणजे बनगावनंतर पन्नास वर्षांनीही दहापैकी चार मुलांना ओआरएस मिळत नाही, आणि सातांना झिंक नाही. यातली बरीचशी मुले दवाखान्यात नेलेली असतात, हे लक्षात ठेवावे.

इथे नेहमीची दोन कारणे पुढे येतात: डॉक्टरांना माहीत नाही, आणि माल नाही. दोन्ही तपासली गेली आहेत. बिहारच्या खेड्यांतल्या ३४० उपचारकांचा २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. कागदावर रोग्याचे वर्णन देऊन विचारले, तेव्हा ७२ टक्क्यांनी ओआरएस देऊ म्हटले. नंतर तीच तक्रार घेऊन प्रशिक्षित माणसे रोग्याचे पालक म्हणून त्यांच्याकडे गेली, तेव्हा प्रत्यक्षात दिले १७ टक्क्यांनी. त्यानंतर २०२४मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांतल्या दोन हजारांहून अधिक खाजगी उपचारकांचा प्रयोग छापून आला. ओआरएस न देण्याला माल नसणे जेमतेम सहा टक्के जबाबदार, इतर औषधे विकून मिळणारा पैसा पाच टक्के. सगळ्यात मोठे कारण, ४२ टक्के: समोरच्याला ओआरएस नको आहे, ही उपचारकाची समजूत. पालकाने नुसते म्हटले, की आम्हाला ओआरएस चालेल, तरी ते लिहिण्याचे प्रमाण २७ टक्के अंकांनी वाढले.

हा निष्कर्ष वाचून ‘मग लोकांना शिकवा’ असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला वाटते, लोकांना आधीच पुष्कळ कळते. ओआरएस म्हणजे काय हे आईला ठाऊक असते, म्हणून तर ती दवाखान्यात येते: घरचे मीठ-साखर-पाणी करून झाले, मूल ओकले, आता ‘खरे’ औषध हवे. पुन्हा तेच पाकीट घेऊन परत जायचे, तर मग एसटीचे तिकीट आणि बुडालेली मजुरी कशासाठी? डॉक्टरही हे ओळखून असतो. त्याच्यासमोर रांग आहे, प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात. त्या तीन मिनिटांत सिरपची बाटली देणे हा उपचार दिसतो. पाकीट देणे म्हणजे हात झटकणे दिसते. दिसण्याला दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत.

आणि पाकीट नुसते हातात देणे हा अर्धवट उपचारच आहे, हे मान्य करायला हवे. जरा हिशेब करू. मध्यम सुकलेल्या मुलाला चार तासांत वजनाच्या दर किलोला ७५ मिलिलिटर द्यायचे, हा नियम. आठ किलोच्या मुलाला म्हणजे ६०० मिलिलिटर. पाच मिलिलिटरच्या चमच्याने ते होतात १२० चमचे. चार तासांत १२० चमचे, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. घाईघाईने पेला तोंडाला लावला की मूल भडाभडा ओकते आणि आई म्हणते, याला ओआरएस पचत नाही. सारी मेख त्या दोन मिनिटांत आहे. पहिल्या तासाभरात कोणी अनुभवी बाई शेजारी बसून ‘थांब, आता दे, आता थांब’ असे सांगत राहिली, तर मूल डोळे उघडून पाहू लागते, लघवी करते. ते पाहिलेली आई पुढच्या वेळी सिरप मागत नाही. पण सकाळची ओपीडी दुपारी आटोपते, गावाकडे जाणारी गाडी त्याआधीच सुटते, आणि चार तास बसायला केंद्रात बाकही नसतो.

मग ती जागा इतर गोष्टी घेतात. सलाईन हे त्यातले सर्वांत मोठे. खरोखर निपचित पडलेल्या, पिऊ न शकणाऱ्या मुलाला शिरेतून द्रव लागतोच, तोही रिंगर लॅक्टेट. गावोगावच्या दवाखान्यांत टांगलेली बाटली पुष्कळदा पाच टक्के डेक्स्ट्रोजची असते. त्या पाण्यात साखर आहे, मीठ नाही. अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम ग्लुकोज. जुलाबातून गेलेले सोडियम त्यातून परत येत नाही. तरी बाटली टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतात आणि ती संपेपर्यंत मूल दवाखान्यात असते. एका अर्थी सलाईन लोकांना हवे वाटते ते याचसाठी: ते लावले की कोणीतरी मुलाकडे दोन तास बघते.

मेट्रोनिडाझोलची कडू चव घेऊन मूल ओकते, मग उलटीचे औषध वाढते. झिंकची गोळी चमच्यात दूध घेऊन विरघळवून चौदा दिवस द्यायची. तिसऱ्या दिवशी मूल खेळू लागते आणि उरलेल्या अकरा गोळ्या फळीवर जातात, कारण ती पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या जुलाबांना आळा घालण्यासाठी आहे हे कोणी सांगितलेले नसते. एका लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ओतले जाते, मग ते इतके खारट होते की अपायच व्हावा. २०१६मध्ये केंद्र सरकारने ३४४ संयुक्त औषधांवर आणि कोर्टकचेऱ्यांनंतर २०१८मध्ये ३२८ औषधांवर बंदी घातली; त्यात जुलाबांसाठी खपणाऱ्या, दोन जंतुनाशके एकत्र कोंबलेल्या कितीतरी जोड्या होत्या. बंदीने एक बाटली गेली, दुसरी आली. दाराशी माणूस ‘औषध’ मागत उभा असेल तोवर ती येत राहणारच.

बाजाराने तर खुद्द ओआरएसलाच गाठले. औषधाच्या दुकानात काउंटरवर फळांच्या चवीची, रंगीत खोक्यांतली पेये ‘ओआरएस’ ही अक्षरे नावात मिरवत वर्षानुवर्षे विकली गेली. त्यांत प्रमाणित मिश्रणाच्या कित्येक पट साखर. अशी साखर आतड्यात पाणी खेचून घेते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात ती अक्षरे वापरायला मनाई केली. एका डॉक्टर बाईला जे कळत होते, ते यंत्रणेच्या गळी उतरायला आठ वर्षे लागली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर माणसे आणि जागा दोन्ही आहेत. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून निरक्षर बायांना गावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे करून दाखवले; गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी मुलांच्या न्यूमोनियाचा उपचार गावातल्याच माणसांच्या हाती दिला. आशा कार्यकर्ती ही कल्पना अशा कामांच्या वाटेनेच आली. मात्र सरकारी अतिसार पंधरवड्याच्या मार्गदर्शक सूचनांत आशाला मोबदला ठरवला गेला तो वाटलेल्या प्रत्येक पाकिटामागे एक रुपया. ‘ब्रॅक’ने पैसे दिले आईला काय येते यावर, आपण दिले पिशवीतून किती पाकिटे उतरली यावर. जे मोजले त्याचे पैसे मिळाले, जे मोजले नाही ते झाले नाही.

म्हणून पावसाळी मोहिमेत पाकिटांची संख्या आणखी वाढवण्यात आता फारसे हशील नाही. केसपेपर लिहिण्याआधी मुलाला पहिला पेला केंद्रातच, आरोग्यसेविकेसमोर, चमच्याने पाजला जावा. सुकलेल्या मुलाला चार तास ठेवून घ्यावे आणि आईला दुपारचे जेवण व परतीचे भाडे मिळावे. आशाचा मोबदला आईने समोर बनवलेल्या पाण्यावर ठरावा. यासाठी नवे औषध, नवे यंत्र काही लागत नाही. मासिक अहवालात ‘वाटलेली पाकिटे’ या रकान्याशेजारी ‘केंद्रात बसवून पाजलेली मुले’ असा एक रकाना वाढवणे हे तर मंत्रालयातल्या एका परिपत्रकाचे काम आहे. तो रकाना खरा भरायचा असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये आरोग्यसेविकेला दुपारी दोनच्या आधी कुठल्याही बैठकीला, ऑनलाइन नोंदणीला किंवा फोटो काढायच्या कार्यक्रमाला बोलावता येणार नाही, एवढे मात्र त्याच परिपत्रकात लिहावे लागेल.